कृपया बोलू नये, इंजिन बोलत आहे

गाडी चौथ्यांदा दुरुस्तीला आली, आणि या वेळी ढकलत आली. हँडल धरून ठमी, म्हणजे गॅरेजवाल्या कानसेनची धाकटी बहीण, आणि मागून एका हाताने रेटणारा गॅरेजसमोरचा बेकरीवाला. त्याचा दुसरा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. गॅरेजच्या दाराशी गाडी पोचली तसा बेकरीवाल्याने हात काढला, आत बघायचंही टाळलं आणि रस्ता ओलांडून आपल्या दुकानात निघून गेला. त्याचं आणि कानसेनचं महिनाभर बोलणं बंद होतं.

कानसेनचं तिकडे लक्षच नव्हतं. तो ठमीकडे बघत होता. उजव्या गुडघ्यावर पँट फाटलेली, औषधांची बॅग एका पट्ट्यावर लोंबकळणारी, आणि तोंड पांढरंफटक.

"चौकात बंद पडली," ती म्हणाली. "वळायला म्हणून वेग कमी केला आणि मेलीच. मागे ट्रक होता, दादा. त्याचा बंपर माझ्या बॅगेला लागला आणि मी आपटले. ट्रकवाल्याने ब्रेक दाबला म्हणून मी इथे उभी आहे, तुझ्या दुरुस्तीमुळे नाही."

कानसेनच्या हातातला पाना हातातच राहिला. चारच दिवसांपूर्वी हीच मोटरसायकल त्याने स्वतः गल्लीच्या टोकापर्यंत पळवून आणली होती आणि ठमीच्या हातात किल्ली देत म्हणाला होता, "जा आता बिनधास्त."

या माणसाला खरं नाव आहे, पण ते फक्त विजेच्या बिलावर येतं. गल्लीने त्याला फार पूर्वीच कानसेन करून टाकलं, आणि ते काही उगीच नाही. बाकीचे मेकॅनिक गाडी आली की आधी खोलतात आणि मग विचार करतात. हा आधी ऐकायचा. लाकडी मुठीचा एक लांब पेचकस होता त्याच्याकडे. त्याचं टोक इंजिनवर टेकवायचं, मूठ उजव्या कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. त्या वेळी शेजारी कुणी खोकलं तरी याच्या कपाळाला आठी. मग डोळे उघडून म्हणायचा, "चेन सैल आहे," आणि खोलल्यावर चेनच सैल निघायची. लोक आ वासून बघत राहायचे. गिऱ्हाईक अजून कोपऱ्यावर असताना नुसत्या आवाजावरून याने फळीवरचा नवा क्लच काढून ठेवल्याची गोष्ट गल्लीत अजून सांगतात. ती थोडी वाढवलेली असणार, पण अगदीच खोटी नसावी.

कौतुकाने माणूस शेफारतो, तसा हाही शेफारला. गिऱ्हाइकाचं बोलणं त्याला सहन होईना. "रोग्याला विचारावं, नातेवाइकांना काय कळतं?" असं म्हणून त्याने भिंतीवर स्वतःच्या हाताने पाटी रंगवून लावली: कृपया बोलू नये, इंजिन बोलत आहे. कुणी "सकाळी ना, जरा असा आवाज..." म्हणून सुरुवात केली, की कानसेनचं एक काळं बोट वर जायचं. ते बोट वर गेलं की भले भले गप्प बसायचे. बायको तेवढी गप्प बसायची नाही. ती वरच्या मजल्यावरून, जिथे त्यांचं घर होतं, जिन्यात येऊन म्हणायची, "सगळ्या गावाच्या गाड्यांचं ऐकतात हो, माझं सोडून." कानसेन हसायचा. हल्ली हल्ली तर तेही हसायचा नाही, कारण ती काय म्हणाली हेच त्याला कळायचं नाही, आणि पुन्हा विचारायचा कंटाळा यायचा.

कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शनच्या गाड्या आल्या, तेव्हा त्याच्या वयाच्या मेकॅनिकांनी हात टेकले. कुणी टायरचं दुकान काढलं, कुणी घरी बसलं. याने मात्र हट्टाने शिकून घेतलं. पेट्रोल आता पंपाने दाबून येतं, इंजेक्टर ते फवारतो, किती फवारायचं ते एक डबी ठरवते, एवढाच काय तो फरक, असं त्याचं म्हणणं. "हवा तीच, पेट्रोल तेच, आणि माझे कानही तेच," हे वाक्य तर तो इतक्यांना ऐकवायचा की बायको जिन्यातून ते त्याच्याआधी म्हणायची.

आणि अशा माणसाच्या नाकी नऊ आणले ते सख्ख्या बहिणीच्या गाडीने.

ठमी नर्स. हॉस्पिटलातली नाही, घरोघर जाणारी. अंथरुणाला खिळलेल्या लोकांची मलमपट्टी, इंजेक्शनं, कुणाची नळी बदलायची. दिवसभर या गल्लीतून त्या गल्लीत, आणि सगळं मोटरसायकलवर. तिची गाडी बंद पडली की कुणीतरी कुठेतरी ओल्या पट्टीत तिची वाट बघत पडून राहायचं.

पहिल्यांदा गाडी आली तेव्हा तक्रार साधी होती. सकाळी थंड असताना सेल्फ मारत बसावं लागतं, आणि उभी असताना इंजिन एका लयीत चालत नाही, वर जातं, खाली येतं, कधी बंदच पडतं. पळताना मात्र काही त्रास नाही. ठमी पुढे म्हणायला लागली, "आणि दादा, चालू असताना एक..." कानसेनने बोट वर केलं. प्लग बदलला, हवा जिथून आत जाते ती थ्रोटल बॉडी काढून पुसून लख्ख केली, परत बसवली. गाडी शहाण्यासारखी चालायला लागली. चार दिवसांनी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. दुसऱ्यांदा त्याने इंजेक्टर साफ केला. तिसऱ्यांदा पंपाचं प्रेशर मोजलं, एक सेन्सर बदलला, ओळखीच्या शोरूममधून तपासायचं यंत्र मागून आणून जोडलं. यंत्राने सांगितलं, सगळं ठीक आहे. दरवेळी थ्रोटल बॉडी काढून घातली, दरवेळी गाडी सुधारली, दरवेळी चार दिवसांत बिघडली. आणि दरवेळी ठमी काहीतरी सांगू पाहत होती, आणि दरवेळी बोट वर.

आता मात्र गोष्ट ट्रकपर्यंत पोचली होती.

बायको जिन्यावरून धावत खाली आली. ठमीच्या गुडघ्याकडे बघून तिचे डोळेच पांढरे झाले. "अगं बाई! हे काय?"

"काही नाही, वहिनी. खरचटलंय. कापूस असेल तर दे, मीच लावते." ठमी स्टुलावर बसली. बायकोने वरून कापूस आणून दिला. रोज दुसऱ्यांच्या जखमा पुसणारे हात, त्यांना स्वतःच्या गुडघ्यावर कापूस नीट धरता येईना. "दादा, मला स्पष्ट सांग. तुला जमत नसेल तर मी दुसरीकडे नेते. नाहीतर विकून टाकते आणि हॉस्पिटलात नोकरी धरते. पण त्या चौकात मी पुन्हा अशी बंद पडणार नाही."

"दुसरीकडे?" कानसेन एवढंच म्हणाला. हा शब्द त्याच्या घरात आजवर कुणी काढला नव्हता.

त्याने गाडी मधल्या स्टँडवर घेतली. किल्ली फिरवली, पंपाची घरघर थांबेपर्यंत थांबला, सेल्फ मारला. इंजिनाने बराच वेळ भाव खाल्ला आणि मग ते कसंबसं धरलं. मीटरचा काटा वर जाई, खाली येई, मरायला टेके, पुन्हा उठे. कानसेनने पेचकस घेतला. हेडवर टेकवला, कानामागे लावला, डोळे मिटले. व्हॉल्व्ह ठीक. चेन ठीक. इंजेक्टरची टकटक ठीक. मग त्याने पेचकस बाजूला ठेवला आणि थ्रोटल बॉडी आणि इंजिनाच्या मध्ये जो जाड रबरी जोड असतो, त्याच्यापाशी कान नेला. हवा चोरून आत शिरत असेल तर ती इथेच शिरणार. इथली चोरी पकडायला दुसरे मेकॅनिक डब्यातला स्प्रे मारून बघतात. स्प्रे चिरेतून आत ओढला गेला की इंजिनाची चाल बदलते. कानसेनला त्या प्रकाराचा तिटकारा होता. ज्याला ऐकू येतं त्याने फवारे कशाला मारायचे?

"इथे काही नाही," तो उठत म्हणाला. "हवा कुठूनही खेचत नाही. हे मी पहिल्याच दिवशी बघितलंय."

ठमीने कापूस खाली ठेवला. "मग हे सूं सूं कशाचं आहे?"

"कसलं सूं सूं?"

"हेच. आत्ता चाललंय ते."

कानसेनने तिच्याकडे बघितलं. पडताना डोक्याला तर नाही ना लागलं हिच्या, असं त्याच्या मनात आलं. "काही नाहीये, ठमे. तू घाबरली आहेस."

"दादा, मी पहिल्या दिवसापासून सांगतेय! सापासारखा आवाज येतो म्हणून. तू बोट वर करतोस."

त्याने बायकोकडे मान वळवली. चेष्टेनेच विचारावं तसं विचारलं, "काय हो, तुम्हाला येतंय का काही ऐकू?"

बायको परत जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन उभी होती. ती गोंधळून एकदा नवऱ्याकडे आणि एकदा नणंदेकडे बघत राहिली. "अहो, येतंय की. इथपर्यंत येतंय. मला वाटलं, या नव्या गाड्यांचा असतोच तसा आवाज."

तो पुन्हा वाकला. इतका, की कानाची पाळी रबराला लागली आणि चटका बसला. इंजिनाची धडधड येत होती. टकटक येत होती. आणि त्या दोघी म्हणत होत्या तो आवाज जिथे असायला हवा, तिथे काही म्हणजे काही नव्हतं. त्याने दुसरा कान लावला. तिथेही काही नाही.

मग त्याने आयुष्यात न केलेली गोष्ट केली. फळीवरून स्प्रेचा डबा काढला. झाकण काढताना ते हातातून निसटून गाडीखाली गेलं. त्याने रबराच्या खालच्या अंगाला, जिथे डोळा पोचत नाही तिथे, एक फवारा मारला. मीटरचा काटा दचकून वर गेला आणि खाली आला. पुन्हा मारला. काटा पुन्हा वर.

त्याने इंजिन बंद केलं, क्लिप सैल केली, रबर काढून उलटं केलं. खालच्या बाजूला, घडीत लपलेली, नखाएवढी चीर होती. बोटांनी ताणली की तोंड उघडायची, सोडली की मिटायची. दरवेळी थ्रोटल बॉडी काढून घालताना रबर जरासं फिरायचं, क्लिप नव्याने आवळली जायची आणि चीर मिटायची. चार दिवस खड्ड्यांतून हादरे बसले की उघडायची. गाडी पळत असताना एवढ्याशा चोरट्या हवेने काही बिघडत नाही, पण इंजिन हळू झालं की तेवढीच हवा त्याचा गळा धरते. सगळा उलगडा त्याच्या हातात होता. चार फेऱ्या, नवा प्लग, नवा सेन्सर, शोरूमचं यंत्र, आणि दोष इतका वेळ ओरडत होता. सगळ्यांना ऐकू जाईल इतका ओरडत होता.

तो मटकन खाली बसला, तसाच, तेलाच्या डागावर.

"दादा," ठमी म्हणाली, आणि आता तिचा आवाज भावाशी बोलायचा नव्हता, रोग्याशी बोलायचा होता. "डोळे मीट. ऐकू आलं की हात वर कर."

"कशाला नसते उद्योग?"

"मीट म्हणते ना."

त्याने डोळे मिटले. ठमी लंगडत त्याच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली. कानसेन वाट बघत बसला. गल्लीतून एक वाहन गेलं. वर घरात नळ चालू राहिला होता, त्याची बादलीत पडणारी जाडी धार त्याला ऐकू येत होती, म्हणजे कान तर चालू होते. तो थांबला. आणखी थांबला. शेवटी वैतागून म्हणाला, "अगं, सुरू कर ना एकदाचं."

त्याने डोळे उघडले. बायको तोंडावर पदर धरून उभी होती. ठमीचा हात त्याच्या कानाशेजारी होता, आणि तिची बोटं एकमेकांवर घासत होती, भराभरा, अजूनही.

"केव्हाच सुरू केलंय, दादा."

त्याच्या पायाखालची जमीन सरकली, असं म्हणतात ना, ते बसलेल्या माणसाच्या बाबतीतही होतं. त्याने तिचं मनगट धरून बोटं थांबवली, कारण ती हलताना बघणं त्याला सोसवेना. डाव्या बाजूला तिने पुन्हा करून बघितलं. तिकडे हात वर गेला, पण बोटं जवळजवळ कानाला टेकली तेव्हा.

"बारीक आवाज गेलेत," ती म्हणाली. "जाडे येतात, बारीक येत नाहीत. एकदम नाही होत हे, हळूहळू होतं. इतकी वर्षं इंजिनांना कान लावून बसलास. तपासून घेऊ. यंत्र मिळतं."

"यंत्र लावून यंत्र ऐकू?" कानसेन म्हणाला. विनोद होता, पण कुणी हसलं नाही, तोही नाही.

आणि मग एकेक गोष्ट अंगावर यायला लागली. किटली जळाली म्हणून तो बायकोवर चिडला होता, तेव्हा ती म्हणाली होती, शिट्टी वाजत होती की, तुम्ही शेजारीच बसला होतात. गल्लीतल्या चिमण्या कुठे गेल्या म्हणून तो वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होता, हवा बिघडली, झाडं तोडली, माणसं नालायक झाली, असं भाषण देत होता. त्याने दारातून वर बघितलं. तारेवर दोन चिमण्या बसल्या होत्या. एकीची चोच उघडत होती, मिटत होती. कानसेन बघत राहिला. त्याला रडू आलं, आणि ते त्याने लपवलं नाही.

रस्त्यापलीकडे बेकरीवाला एका हाताने पावाचा ट्रे खिडकीत सरकवत होता.

कानसेनचं रडणं जागच्या जागी थांबलं.

बेकरीवाल्याची स्कूटर. महिन्यापूर्वी तो ती घेऊन आला होता. म्हणाला होता, "जरा मागच्या चाकातून..." आणि बोट वर गेलं होतं. कानसेनने चाक फिरवलं, कान लावला, म्हणाला, "काही नाही झालेलं, घेऊन जा." दुसऱ्या दिवशी पहाटेच्या फेरीला चाकाचं बेअरिंग जाम होऊन बेकरीवाला रस्त्यावर आपटला. मनगट मोडलं. आणि कानसेनने काय केलं? भर गल्लीत उभं राहून त्यालाच झापलं. पोती लादशील, ट्रे लादशील, वर स्वतः बसशील, तर बेअरिंग राहील का? सगळ्या गल्लीने मान डोलावली. कानसेन म्हणतोय म्हणजे तसंच असणार. बेकरीवाल्यानेही ब्र काढला नाही. नुसता गप्प झाला, तो आजपर्यंत.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

आधी त्याने नवं रबर शोधून काढलं, बसवलं, क्लिप दोनदा तपासून आवळली. सेल्फ मारला. पहिल्या झटक्याला इंजिनाने धरलं आणि काटा एका जागी उभा राहिला. कानसेनने काट्याकडे बघितलं, स्प्रे मारला, काटा हलला नाही. तरी त्याचं समाधान होईना.

"गेला का आवाज?" त्याने विचारलं.

"गेला," ठमी म्हणाली.

"तुम्ही या," तो बायकोला म्हणाला. "जवळ या. नीट ऐका."

बायको पायऱ्या उतरून आली, पदर सावरून इंजिनापाशी वाकली. लग्न झाल्यापासून तिला कुणी गाडी ऐकायला बोलावलं नव्हतं. ती चांगला वेळ घेऊन वाकून राहिली. मग म्हणाली, "गेला. नुसती धडधड आहे. दुसरं काही नाही."

"नक्की?"

"अहो, नक्की."

ठमीने किल्ली घेतली. "माझी एक पट्टी राहिली आहे बदलायची, आजोबा वाट बघत असतील." निघताना तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेली. चौकात तिने वेग कमी केला तेव्हा गाडी बंद पडली नाही, हे तिने तिथूनच फोन करून कळवलं. फोनवर ती मोठ्याने बोलत होती. पहिल्यांदाच त्याच्या लक्षात आलं, की हल्ली सगळेच त्याच्याशी मोठ्याने बोलतात.

कानसेनने हात पुसले. ते पुसले जात नव्हते, तरी पुसत राहिला. मग रस्ता ओलांडून बेकरीत गेला.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बेकरीवाल्याने मान वर करून बघितलं आणि पुन्हा ट्रेमध्ये खुपसली. कानसेन काचेच्या कपाटाला वळसा घालून आत गेला, त्याच्या उजव्या हाताला जाऊन उभा राहिला, म्हणजे आपला डावा कान त्याच्याकडे येईल असा.

"त्या दिवशी," तो म्हणाला, "तू स्कूटर घेऊन आलास तेव्हा काहीतरी सांगत होतास. मी सांगू दिलं नाही."

बेकरीवाल्याने भुवया उंचावल्या. "आता कशाला ते?"

"सांग. काय सांगणार होतास?"

"तुमच्याकडे सांगितलेलं चालत नाही ना. पाटी आहे."

"पाटीचं सोड. तू सांग. मला ऐकायचंय. जरा मोठ्याने."

बेकरीवाला त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. तिथे त्याला काय दिसलं कोण जाणे, पण इतके दिवस आवळलेला त्याचा जबडा सैल पडला. प्लास्टरचा हात त्याने कपाटावर टेकवला.

"मागच्या चाकातून शिट्टीसारखं वाजत होतं," तो म्हणाला. "फार नाही, बारीक. ब्रेक मारला की जास्त. मला वाटलं, तुम्हाला ऐकू आलंच असेल."